महिकावतीचा बिंब राजा : परंपरा, पुरावा आणि स्थानिक इतिहासाची पद्धत

प्रस्तावना

इतिहास आणि दंतकथा यांच्या सीमारेषेवर उभे असलेले राजे जगातील बहुतेक सर्व समाजांच्या स्मृतीत आढळतात. त्यांची नावे लोकांच्या ओठी असतात, कुलवृत्तांत त्यांच्यापासून सुरू होतात, मंदिरे व वतने त्यांच्या नावाने सांगितली जातात. परंतु समकालीन शिलालेखात, ताम्रपटात किंवा नाण्यावर त्यांचा शोध घेतला असता हाती फारसे काही लागत नाही. महाराष्ट्रापुरते बोलावयाचे झाल्यास उत्तर कोकणातील महिकावतीचा बिंब राजा हे अशा व्यक्तिमत्त्वाचे ठळक उदाहरण होय. वसई, साष्टी आणि मुंबई या परिसरातील अनेक जुन्या ज्ञाती आपल्या वास्तव्याचा आरंभ या राजाच्या आगमनापासून मोजतात. दुसरीकडे, ज्या काळात त्याने राज्य केले असे परंपरा सांगते त्याच काळातील कोरीव लेख त्याच भूमीवर दुसऱ्याच राजवंशाची सत्ता दाखवितात.

या विसंगतीचा विचार केवळ कोकणच्या अभ्यासकांपुरता मर्यादित नाही. पिंपरी-चिंचवड व चाकण परिसरातील महाविद्यालयांत ‘माझ्या गावाचा इतिहास’ यासारखे प्रकल्प विद्यार्थ्यांकडून करून घेतले जातात. हे विद्यार्थी कोकण, मराठवाडा, विदर्भ, खानदेश अशा सर्व भागांतून कारखानदारीच्या निमित्ताने येथे आलेल्या कुटुंबांतील असतात, तसेच ज्यांच्या शेतजमिनी औद्योगिक क्षेत्रासाठी संपादित झाल्या अशा मूळ गावकऱ्यांच्या घरांतीलही असतात. त्यांच्या वह्यांत कुलकथा आणि ग्रामकथा विपुल असतात. अशी कथा जशीच्या तशी इतिहास म्हणून स्वीकारावी, की पुरावा नाही म्हणून बाद करावी, हा प्रश्न मार्गदर्शक प्राध्यापकासमोर वारंवार उभा राहतो. बिंब राजाच्या परंपरेची छाननी करून या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

बखरीतील बिंब राजा

बिंब राजाच्या कथेचे प्रमुख साधन म्हणजे ‘महिकावतीची बखर’ ऊर्फ ‘माहीमची बखर’. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ती इ.स. १९२४ मध्ये विस्तृत प्रस्तावनेसह प्रसिद्ध केली. बखर एकाच लेखकाची अथवा एकाच काळाची नाही. तिची सहा प्रकरणे असून काही पद्यात, काही गद्यात आहेत. त्यांतील सर्वांत जुना भाग केशवाचार्य यांचा असून त्याचा काळ शके १३७० म्हणजे इ.स. १४४८ हा आहे. इतर प्रकरणे त्यानंतर वेगवेगळ्या हातांनी जोडली गेली. मराठीतील जुन्या ऐतिहासिक गद्याचा नमुना म्हणून, तसेच ‘महाराष्ट्रधर्म’ या शब्दाचा समर्थ रामदासांच्या पूर्वीचा आढळ म्हणूनही ही बखर अभ्यासकांना महत्त्वाची वाटत आली आहे.

बखरीचे कथन थोडक्यात असे : शके १०६० (इ.स. ११३८) च्या सुमारास प्रताप बिंब नावाचा राजपुरुष सैन्यासह उत्तर कोकणात उतरला. त्याने किनाऱ्याने दक्षिणेकडे सरकत ठाणी जिंकली, केळवे-माहीम येथे बस्तान बसविले आणि पुढे साष्टी व मुंबईची बेटे ताब्यात घेतली. मुंबईच्या बेटावर त्याने जी राजधानी वसविली तिला महिकावती हे नाव मिळाले. आजचे माहीम ते हेच. प्रदेश ओसाड असल्याने त्याने बाहेरून ६६ कुळे आणवून वसविली. त्यांत सोमवंशी, सूर्यवंशी व शेषवंशी अशी कुळे होती. प्रताप बिंबानंतर महिबिंब व त्यानंतर केशवदेव गादीवर आला. केशवदेवानंतर सत्ता दुसऱ्या घराण्याकडे गेली. पुढे शके १२१६ (इ.स. १२९४) मध्ये देवगिरीच्या रामदेवराव यादवाचा पुत्र बिंबदेव कोकणात आला आणि त्याने पुन्हा बिंबाचे राज्य उभे केले.

म्हणजे परंपरेत एक नव्हे, दोन बिंब आहेत. पहिला बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातील, दुसरा तेराव्या शतकाच्या अखेरचा. लोकस्मृतीत मात्र दोघांचे एकच ‘बिंब राजा’ झाले. मुंबईच्या प्राचीन इतिहासाविषयी इंग्रजीत लिहिणाऱ्या जर्सन द कुन्हा (इ.स. १९००) व एस. एम. एडवर्ड्स (इ.स. १९०२) यांच्यासमोर राजवाड्यांनी छापलेली बखर नव्हती. त्यांना बिंबाचा शोध ज्ञातींच्या आठवणी आणि हाती आलेले कागद यांच्याच आधारे घ्यावा लागला. माहीमचा वसविता राजा बाराव्या शतकातील की तेराव्या, हा घोळ तेव्हापासून चालत आला आहे.

कोरीव लेखांची साक्ष

उत्तर कोकणावर नवव्या शतकापासून तेराव्या शतकाच्या मध्यानंतरपर्यंत शिलाहार घराण्याची सत्ता होती. प्रथम राष्ट्रकूटांचे मांडलिक म्हणून आणि नंतर बरेच स्वतंत्रपणे या घराण्याने राज्य केले. श्रीस्थानक म्हणजे ठाणे ही त्यांची एक राजधानी होती. या घराण्याचे ताम्रपट व शिलालेख म. म. वा. वि. मिराशी यांनी एकत्र संपादित केले असून त्यामुळे बाराव्या शतकातील राजक्रम बऱ्याच निश्चितपणे सांगता येतो.

बखरीतील प्रताप बिंबाच्या आगमनाचे वर्ष शके १०६० हे आहे. उरणजवळील चांजे येथील अपरादित्य शिलाहाराचा शिलालेख याच शके १०६० मधील आहे. हा अपरादित्य सामान्य मांडलिक नव्हता. त्याने तेजःकंठ नावाचा आपला दूत काश्मीरच्या विद्वत्सभेत पाठविल्याचा उल्लेख मंखाच्या ‘श्रीकंठचरित’ काव्यात येतो. अपरादित्यानंतर हरिपालदेवाचे लेख मिळतात. त्यांतील आगाशीचा लेख शके १०७२ चा असून आगाशी हे वसईच्या परिसरातील, म्हणजे बखरीने बिंबाच्या राज्यात घातलेल्या भूमीतील गाव आहे. पुढे मल्लिकार्जुन आणि त्यानंतर दुसरा अपरादित्य यांचे लेख आहेत. दुसऱ्या अपरादित्याचा इ.स. ११८७ मधील शिलालेख तर मुंबई बेटावरील परळ येथेच सापडला. बखरीनुसार त्या वर्षी मुंबईवर महिबिंब राज्य करीत होता.

ही साक्ष पाहता बाराव्या शतकात माहीम, साष्टी व वसई या प्रदेशात बिंब घराण्याचे सलग, स्वतंत्र राज्य होते असे म्हणता येत नाही. बखरीने महिबिंबास दिलेला सुमारे ६५ वर्षांचा राज्यकाळही शंका उत्पन्न करणारा आहे. वंशावळीत पिढ्या कमी आणि वर्षे अधिक असली म्हणजे उरलेली वर्षे एखाद्या राजाच्या नावावर घातली जातात, हे वंशावळींच्या अभ्यासकांस परिचित आहे.

तथापि येथेच विचार थांबविला तर बखरीवर अन्याय होईल. बखरीतील केशवदेवाचा काळ सुमारे इ.स. १२१२ ते १२३७ असा येतो. शिलाहारांच्या लेखांत केशिदेव नावाचा राजा आढळतो. त्याचा मांडवी येथील लेख शके ११२५ (इ.स. १२०३) चा आणि चौधरपाडा येथील लेख शके ११६१ चा आहे. नाव जवळजवळ एक, प्रदेश एक आणि काळ परस्परांवर येणारा. हा योगायोग समजणे कठीण आहे. केशवाचार्यांच्या हाती जी माहिती आली तिच्यात शिलाहार राजाची खरी आठवण होती. मात्र शिलाहार हे नाव विसरले गेले होते आणि राजा बिंबाच्या वंशात जाऊन बसला होता, असे अनुमान यावरून करता येते.

प्रताप बिंबाच्या स्वारीलाही असाच काही आधार असू शकेल. बाराव्या शतकात उत्तर कोकणावर गुजरातच्या चौलुक्यांचे आक्रमण झाले. कुमारपालाचा सेनापती आंबड याने मल्लिकार्जुन शिलाहाराचा पराभव करून त्यास ठार केल्याची हकीकत मेरुतुंगाच्या ‘प्रबंधचिंतामणी’त आहे. ‘राजपितामह’ हे मल्लिकार्जुनाचे बिरुद कुमारपालाला सहन झाले नाही, असे तेथे कारण दिले आहे. किनाऱ्याने खाली उतरत आलेल्या एखाद्या सैन्याची, त्याबरोबर आलेल्या आणि येथेच स्थायिक झालेल्या कुटुंबांची स्मृती प्रताप बिंबाच्या कथेत साठली असणे संभवते. हे अनुमान आहे, सिद्धांत नव्हे. परंतु ते कोरीव लेखांना धक्का न लावता कथेचा उगम समजावून देते.

दुसऱ्या बिंबाविषयी परिस्थिती थोडी निराळी आहे. यादव राजा महादेव याने शेवटचा शिलाहार सोमेश्वर याचा समुद्रावरील युद्धात नाश केला, असे हेमाद्रीच्या प्रशस्तीवरून कळते. बोरिवलीजवळील एकसरच्या वीरगळांवर कोरलेले नौकायुद्ध याच प्रसंगाचे असावे असे अनेक अभ्यासक मानतात. त्यानंतर उत्तर कोकणावर यादवांचे अधिकारी नेमले जाऊ लागले. रामचंद्रदेवाच्या काळातील इ.स. १२७२ च्या ठाणे ताम्रपटात अच्युत नायक याचा उल्लेख आहे. तेव्हा इ.स. १२९४ च्या सुमारास यादवांच्या बाजूचा कोणी सरदार वा राजकुलातील पुरुष माहीम येथे असणे अशक्य नाही. मात्र यादवांच्या ज्ञात इतिहासात रामचंद्राचा पुत्र म्हणून पुढे येतो तो शंकरदेव.

समांतर उदाहरण : वेल्स येथील कुनेदा

बिंबाच्या कथेची घडण समजून घेण्यासाठी ब्रिटनमधील वेल्स प्रांताच्या परंपरेतील एक उदाहरण उपयोगी पडते. रोमन सत्ता ब्रिटनमधून इ.स. ४१० च्या सुमारास संपुष्टात आली. त्यानंतरच्या अंधुक काळातील एक राजा म्हणजे कुनेदा. वेल्स परंपरेनुसार हा उत्तरेकडील मानाउ गोदोदिन या प्रदेशातून, म्हणजे आजच्या स्कॉटलंडमधील फोर्थ नदीच्या परिसरातून, आपल्या पुत्रांसह निघाला. त्याने वायव्य वेल्समधील आयरिश लोकांना हाकलून दिले आणि ग्विनेद या राज्याचा पाया घातला. त्याचे पुत्र व नातू यांनी प्रदेश वाटून घेतला आणि त्यांच्या नावांवरून त्या त्या भागांना नावे मिळाली : केरेदिगवरून केरेदिगिऑन, मेरिऑनवरून मेरिऑनिद.

कुनेदाची ही कथा ‘हिस्टोरिया ब्रिटोनम’ या लॅटिन ग्रंथात प्रथम येते. तो ग्रंथ इ.स. ८२९-३० मध्ये, म्हणजे घटनेनंतर सुमारे चारशे वर्षांनी रचला गेला. त्या वेळी ग्विनेदच्या गादीवर मेर्विन नावाचा राजा होता. तो जुन्या राजवंशाचा पितृपरंपरेने वारस नव्हता; बाहेरून येऊन इ.स. ८२५ च्या सुमारास सत्ताधीश झाला होता. ज्या राजाला आपले बाहेरून येणे समर्थनीय ठरवावयाचे होते त्याच्या काळात, राज्याचा मूळ संस्थापकही बाहेरूनच आला होता, असे सांगणारी कथा लेखनिविष्ट व्हावी, यात अभ्यासकांना अर्थ दिसतो. म्हणून कुनेदाची कथा पाचव्या शतकाविषयी काय सांगते यापेक्षा नवव्या शतकाविषयी काय सांगते, असा प्रश्न आता प्रथम विचारला जातो. कुनेदा झालाच नाही असे मात्र यावरून कोणी ठरवीत नाही. नाव जुने असू शकते. त्या नावाभोवतीची रचना नंतरची आहे.

बिंब व कुनेदा यांच्या कथांतील साम्य उघड आहे. दोघेही दुरून येतात. दोघांबरोबर कुळे किंवा पुत्र येतात. दोघेही पूर्वीच्या लोकांना हटवून भूमी वाटून देतात. दोघांची नोंद तीन-चारशे वर्षांनंतर होते. आणि दोन्ही कथांत स्थलनाम हेच पुराव्याचे काम करते : महिबिंबाशी महिकावती, केरेदिगशी केरेदिगिऑन. स्थलनामावरून राजा कल्पिला गेला की राजावरून स्थलनाम पडले, हे अशा कथांत सहसा सांगता येत नाही.

बखर कोणासाठी लिहिली गेली?

कुनेदाच्या बाबतीत विचारला जाणारा प्रश्न बिंबाच्या बाबतीत विचारला असता बखरीचा अर्थ अधिक स्पष्ट होतो. शके १३७० मध्ये उत्तर कोकणात यादव नव्हते, शिलाहार नव्हते. बखरीच्या कथनानुसार मालाडचा देसला नायकोराव याच्या पुढाकाराने लोक जमले, कुळाचार व धर्म यांचा विसर पडला आहे असे त्यांना वाटले आणि केशवाचार्यांनी वंश व कुळे यांची माहिती सांगितली. म्हणजे हा केवळ राजचरित्र सांगण्याचा उपक्रम नव्हता. कोणते कुळ कोणत्या वंशाचे, कोणाला कोणते गाव, कोणाचा मान पहिला, हे निश्चित करण्याची ती सभा होती. ६६ कुळांची यादी हा बखरीचा गाभा आहे आणि प्रताप बिंब हा त्या यादीला अधिकार देणारा साक्षीदार आहे.

हे प्रयोजन लक्षात घेतले म्हणजे बखरीतील चुका वेगळ्या दिसू लागतात. शिलाहारांचे नाव विसरले गेले, कारण ते कोणाच्या वतनाचा आधार राहिले नव्हते. बिंबाचे नाव टिकले, कारण त्याच्या नावावर मानपान अवलंबून होते. स्मृती जे उपयोगाचे आहे ते राखते. राजवाड्यांनी आपल्या प्रस्तावनेत, राज्ये बदलली तरी सामान्य लोक त्याविषयी उदासीन राहिले, असा विचार या बखरीच्या निमित्ताने मांडला. त्याला एक पुरवणी जोडता येईल : राजवंशाविषयी उदासीन असलेले लोक गाव, कुळ व हक्क यांविषयी मुळीच उदासीन नव्हते.

या बखरीच्या काळाचा चाकणशीही संबंध पोहोचतो. इ.स. १४३० च्या सुमारास माहीमसाठी बहमनी व गुजरात या दोन सुलतानशाह्यांत युद्ध झाले. बहमनींच्या बाजूने मलिक-उत्-तुज्जार हा किताब धारण करणारा खलफ हसन होता. त्याला माहीम राखता आले नाही. पंधराव्या शतकाच्या मध्यास याच मलिक-उत्-तुज्जाराने कोकण जिंकण्यासाठी चाकण येथे आपले मुख्य ठाणे केले आणि तेथून सह्याद्रीपलीकडे फौजा पाठविल्या. त्या मोहिमेत शिर्के आणि खेळण्याचा राजा यांच्या हातून त्याचा अंत झाला. बचावलेले परदेशी सरदार चाकणला परतले आणि दरबारातील दख्खनी पक्षाच्या कारस्थानाने त्यांची कत्तल झाली. केशवाचार्य जेव्हा बिंबाची आठवण लिहून ठेवीत होते, तेव्हा घाटावरचे चाकण आणि समुद्रावरचे माहीम ही एकाच सत्तास्पर्धेची दोन टोके होती.

चाकणची एक आख्यायिका

चाकणच्या भुईकोटाविषयीही अशीच एक परंपरा पुणे जिल्ह्याच्या इ.स. १८८५ च्या गॅझेटियरमध्ये नोंदविली आहे. कोटाबाहेरील तटबंदीचे अवशेष इ.स. १२९५ मध्ये एका हबशी सरदाराने केलेल्या बांधकामाचे आहेत, असे तेथे म्हटले आहे. सरदाराचे नाव नाही. इ.स. १२९५ मध्ये हा प्रदेश यादवांच्या राज्यात होता. दख्खनच्या राजकारणात हबशी सरदार प्रभावी झाले ते बहमनी काळात व त्यानंतर निजामशाहीत. तेव्हा हबशी सरदाराची आठवण पुढच्या काळातील असावी, हे अनुमान सयुक्तिक ठरते.

मग इ.स. १२९५ हेच वर्ष का? देवगिरीवरील अल्लाउद्दीन खिलजीच्या स्वारीचे वर्ष जुन्या ग्रंथांत इ.स. १२९४ असे दिले जाई. आता ते इ.स. १२९६ मानतात. बखरीतील दुसऱ्या बिंबाच्या आगमनाचे वर्षही इ.स. १२९४ आहे. माहीम आणि चाकण या दोन ठिकाणच्या, परस्परांशी संबंध नसलेल्या परंपरा एकाच घटनेच्या आसपास येऊन थांबतात. देवगिरीचा पाडाव ही महाराष्ट्राच्या स्मृतीतील एक मोठी खूण आहे. ‘फार पूर्वी, जुने राज्य बुडाले तेव्हा’ असे लोक सांगतात आणि लिहून घेणारा त्याचे वर्ष करतो, असे येथे घडले असावे. वर्ष नेमके दिसते म्हणून ते विश्वसनीय ठरत नाही.

अध्यापनासाठी सूचना

वरील विवेचनावरून स्थानिक इतिहासाच्या प्रकल्पांसाठी काही पद्धतीविषयक मुद्दे मांडता येतील.

पहिला मुद्दा, कथेला दोन तारखा असतात : ज्या काळाविषयी ती बोलते तो काळ आणि ज्या काळात ती सांगितली किंवा लिहिली गेली तो काळ. विद्यार्थ्याने दोन्ही नोंदविल्या पाहिजेत. आजीने सांगितलेली कथा असेल तर आजीने ती कोणाकडून, कोठे व कोणत्या प्रसंगी ऐकली, हेही लिहावे.

दुसरा मुद्दा, कथेमुळे कोणाचा कोणता हक्क, मान अथवा दावा सिद्ध होतो ते पाहावे. यात्रेतील पहिला मान, पाटीलकी, देवस्थानची जमीन, गावची शीव यांपैकी काहीतरी बहुधा तेथे असते. असा हितसंबंध आढळला म्हणून कथा खोटी ठरत नाही. ती का टिकली हे कळते.

तिसरा मुद्दा, कथा व भौतिक अवशेष यांची नोंद स्वतंत्रपणे करावी. वीरगळ, सतीशिळा, गद्धेगाळ, जुन्या मंदिराचे खांब, विहिरीवरील लेख यांचे छायाचित्र, माप व नेमके स्थान प्रथम लिहावे. त्यासंबंधीची आख्यायिका नंतर. परळचा शिलालेख जपला गेला नसता तर मुंबई बेटावरील शिलाहार सत्तेचा एक थेट पुरावा गेला असता आणि बिंबाची कथा निर्विवाद राहिली असती.

हा तिसरा मुद्दा औद्योगिक पट्ट्यात विशेष निकडीचा आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना इ.स. १९६२ मध्ये झाली. पिंपरी-चिंचवड महानगरपालिका इ.स. १९८२ मध्ये अस्तित्वात आली. चाकण परिसराचे रूप त्यानंतरच्या दशकांत पालटले. शेत, बांध आणि पाणंद यांच्याबरोबर त्यांना चिकटलेली स्थलनामेही नाहीशी होतात. ज्या माळाचे नाव सांगून कथा सुरू होत असे त्या माळावर भूखंड क्रमांक येतो आणि कथेला उभे राहण्यास जागा उरत नाही. एक पिढी गेल्यावर ना दगड उरतो ना तो दाखविणारा माणूस. इ.स. १४४८ मध्ये मालाडच्या लोकांना जी भीती वाटली तिचे हे आजचे रूप आहे. त्यांनी स्मृती लिहून ठेवली. ती सदोष होती, तरीही तिच्यात केशिदेवाच्या नावाचा खरा अंश शिल्लक राहिला. न लिहिलेल्या स्मृतीत तेवढेही उरले नसते.

निष्कर्ष

बखरीत वर्णिलेला, शके १०६० मध्ये येऊन माहीम-साष्टीवर स्वतंत्र राज्य करणारा प्रताप बिंब कोरीव लेखांच्या कसोटीवर टिकत नाही. तथापि बखरीच्या वंशावळीत शिलाहार राजाची आणि उत्तरेकडून झालेल्या एखाद्या स्वारीची व स्थलांतराची स्मृती मिसळलेली असण्याची शक्यता सबळ आहे. दुसरा बिंब यादवकालीन परिस्थितीशी विसंगत नाही. परंतु त्याचे राजपुत्रत्व सिद्ध होत नाही. बखरीचा सर्वाधिक विश्वसनीय पुरावा बाराव्या शतकाविषयी नसून पंधराव्या शतकातील समाजाच्या गरजांविषयी आहे.

आपल्या कुळाचा मूळपुरुष बिंब राजाबरोबर आला असे सांगणाऱ्या विद्यार्थ्याला ‘हे खोटे आहे’ असे सांगण्याचा अधिकार त्यामुळे प्राध्यापकाला प्राप्त होत नाही. तसेच त्याच्या प्रकल्पवहीत ते वाक्य सिद्ध इतिहास म्हणून राहू देण्याची मुभाही मिळत नाही. ‘आमच्या घरी असे सांगतात’ एवढे चार शब्द त्या वाक्याच्या आरंभी आले पाहिजेत. त्या चार शब्दांनी कुटुंबाचा मान राखला जातो आणि इतिहासाचाही.